सुवेर

गोरेगावात कुणाच्या घरचं बाळंतपणाचं सुवेर कुणी बुडवलं, कोण चौथ्याच दिवशी देवाला शिवलं, याचा सगळा हिशेब रुख्मिणीबाईंच्या डोक्यात. त्यांचा नियम पक्का होता. लेकरू अर्धवट पडलं तर विटाळ एकट्या आईला. पण एक जरी श्वास घेतला, तर सुवेर सगळ्या घराला.

तपासणीत सुनेला तिसरीही पोरगीच निघाली, म्हणून त्यांनी तिला सेनगावच्या एका दवाखान्यात आणलं. सहावा महिना. काम उरकलं नि पत्र्याच्या तसराळ्यात टाकलेली पोरगी मांजरीच्या पिल्लासारखी रडली. रुख्मिणीबाई आधी मागंच सरल्या.

"डॉक्टरसाहेब, हे तर जितं हाय!"

"कागदावर मी पाचवा महिना लिहिलाय, आजी. पाचवा महिना रडत नसतो." डॉक्टर हात धूत होता. "वाचवायचं तर हिंगोलीला न्या. मी हात लावणार नाही."

सून कुशावर्ता गुंगीत होती. रुख्मिणीबाई त्या तसराळ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग काय झालं कोण जाणे, लेकरू जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी पदराखाली घेतलं नि नाका गाठला. एकटीनं जीप केली असती तर नाक्यानं विचारलं असतं, काहून? म्हणून त्या सीटं भरल्यावर सुटणाऱ्या हिंगोलीच्या जीपमध्ये बसल्या.

"सोनाजी, निघ की रं बाबा."

"भरू तर दे मावशी! रिकामी गाडी नेली तर बायको घरात घेईना मला."

जीपमध्ये हशा पिकला. शेजारची बाई वाकून म्हणाली, "पदराखाली काय वं? कोंबडी?"

"औषध हाय."

पोटाशी मूठभर ऊब हलत होती. मागची सीट भरली, तेव्हा हलत होती. टपावर माणसं चढली, सोनाजीनं चावी फिरवली, तेव्हा हलेना.

"थांब. उतरते मी."

"आता गं?"

दवाखान्यामागं तिथल्या आयानं खड्डा केला. गुंगी उतरल्यावर कुशावर्तानं विचारलं, तेव्हा रुख्मिणीबाई म्हणाल्या, "पोटातच गेलं. रडलं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या सुनेला घेऊन घरी आल्या. दिवेलागणीला थोरल्या नातीनं देवळीतल्या दिव्यासाठी काडी ओढली, तशा रुख्मिणीबाई ओरडल्या, "शिवू नको देवाला! कुणीच शिवायचं न्हाई."

बाजेवरून कुशावर्तानं मान वळवली.

"काहून, आत्याबाई? ते तर पोटातच गेलं होतं न्हवं?"

नातीच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली.