षड्जाआधीचा श्वास

हेमंतातले ऊन कोवळे होते, आणि तरीही थकलेले. पंचगंगेच्या काठाकाठाने उसाला रुपेरी तुरे आले होते. गुऱ्हाळांचा मधुगंधी धूर मंद मंद पसरत होता, आणि त्या धूसर, पिंगट, काकवीवर्णी प्रकाशात कोल्हापूरची अपराह्णवेळ हलकेच सांजेकडे कलत होती.

त्या प्रकाशाचा एक तिरपा पट्टा रत्नाकर सबनीसांच्या खोलीत आला होता. दोन उंच, शिसवी-काळे स्पीकर, त्यांच्यासमोर वेताची एक खुर्ची, आणि खुर्चीत सबनीस. पत्नी इंदुमती गेल्यापासून त्यांचे सारे आयुष्य एवढ्या जागेत आकसून आले होते.

इंदुमती गात असे. मैफलीत नव्हे, याच खोलीत, कातरवेळी, स्वतःपुरते. अशाच एका कातरवेळी सबनीसांनी तिने गायलेला मारवा राग ध्वनिमुद्रित करून ठेवला होता.

मारव्यात षड्ज, तो आधाराचा 'सा', दुर्लभ. सूर त्याच्याभोवती भिरभिरतात, त्याला टाळतात, त्याच्यासाठी झुरतात; आणि मग फार उशिरा, जीव कासावीस झाल्यावर, तो येतो. त्या षड्जाआधी इंदुमती एक श्वास घेई. लहानसा, ओलसर, अर्धस्फुट श्वास. गाणे तिचे कुणीही ऐकावे. तो श्वास तेवढा सबनीस आपला मानीत.

आणि तो श्वास हरवला होता.

आधी तो पुसट झाला. मग विरला. मग एका संध्याकाळी तो आलाच नाही. सूर येत होते, तंबोरा येत होता. पण षड्जाआधी नुसती पोकळी, शुष्क, निर्वात, निर्मनुष्य पोकळी. त्यांनी यंत्र पुसले, स्पीकर सरकवले, पडदे उतरवले. अखेर सारा दोष त्यांनी जुन्या केबल्सना दिला. प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या त्या हातभर वाटेत कुठेतरी इंदूचा श्वास गळून पडतो आहे, असे त्यांनी मनाशी धरले. आणि तसे धरताच त्यांना पुन्हा नीट झोप लागू लागली.

म्हणून आज ध्वनियंत्रांचे दुकानदार ओसवाल निवडीसाठी बॅलन्स्ड केबल्सच्या दोन नव्या जोड्या घेऊन घरी आले होते. लेक मृण्मयी इचलकरंजीहून मुद्दाम आली होती.

"काका, ह्यात एकच सूर दोन तारांतून जातो," ओसवाल समजावून सांगत होते. "एकीतून सुलटा, एकीतून उलटा. वाटेत जी खरखर चिकटते ती शेवटी आपसांत खोडली जाते. उरतं ते फक्त गाणं."

"बघू या," सबनीस म्हणाले.

पहिली जोडी तांब्याची. मारवा उमलला, संध्यारक्त, व्याकुळ, कोमल ऋषभाच्या काठावर डळमळणारा. षड्ज आला. त्याआधी काही नव्हते.

दुसरी जोडी चांदीचा मुलामा दिलेली. तीच संध्या, तीच व्याकुळता. सबनीसांनी डोळे मिटले, अंग आवळले, सारा प्राण कानांत गोळा केला. षड्ज आला. त्याआधी काही नव्हते.

डोळे उघडले तेव्हा मृण्मयीच्या गालांवर पाणी होते.

"काय झालं गं?"

"काही नाही, बाबा. आई तिथं श्वास घेते ना, तेव्हा मला नेहमीच असं होतं."

नेहमीच. सबनीस त्या शब्दाकडे पाहत राहिले.

"ओसवाल, जुनी केबल पुन्हा लावता?"

ओसवालांनी लावली. मारवा पुन्हा उगवला, पुन्हा झुरला. सबनीस आता ऐकत नव्हते. ते लेकीचा चेहरा पाहत होते. षड्ज जवळ आला. तो येण्याच्या अगदी आधी मृण्मयीच्या पापण्या थरथरल्या, वाऱ्याने पाणी थरथरावे तशा.

"आत्ता आला?" त्यांनी विचारले.

"हो, बाबा. का? तुम्हाला..." तिचे वाक्य तिथेच थांबले.

ओसवालांनी गाणे थांबवले आणि ते नव्या केबल्स हळुवार हातांनी गुंडाळू लागले.

"एखादी जोडी ठेवू का, काका?" त्यांनी खालच्या आवाजात विचारले.

"नको. तारा चांगल्या आहेत तुमच्या. ह्या जुन्याही चांगल्याच होत्या."

ओसवाल गेले. मृण्मयी खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तिने वडिलांचे मनगट हातात घेतले आणि मारवा पहिल्यापासून लावला. सूर भिरभिरले, सूर झुरले. आणि मग तिने त्यांचे मनगट अलगद दाबले.

इथे.

सबनीसांना बोटांचा स्पर्श कळला. उबदार, जिवंत, लेकीचा स्पर्श. त्यात इंदू नव्हती. मागोमाग षड्ज आला, भरदार, सोनेरी, निर्दोष, आणि त्या रित्या खोलीत एकटाच उभा राहिला.

"कळलं, बाबा?"

त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते तिला उमगले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही.

ते उठून उघड्या खिडकीशी गेले. बाहेर ऊन विझत आले होते. कुंपणापलीकडचा पिंपळ वाऱ्यात सापडला होता. त्याचे पान न् पान हलत होते, उलटत होते, एकमेकांवर आपटत होते, सबंध वृक्ष जणू ओठ झाला होता. आणि त्या असंख्य, अस्वस्थ, आक्रंदणाऱ्या ओठांतून सबनीसांपर्यंत काहीही येत नव्हते, काहीही नाही. फक्त अंधार येत होता, फांदीफांदीने, पानापानाने, निःशब्द.