बर्फाचं घड्याळ

हाउकिला गावाला नदीची काळजी नव्हती, नदीवरच्या तिवईची होती. सायमीच्या डोक्यात तिडीक गेली होती ती याच गोष्टीने.

दर हिवाळा सरताना गाव गोठलेल्या नदीच्या मधोमध एक लाकडी तिवई उभी करायचं. तिची तार काठावरच्या तौनोच्या दुकानापर्यंत ओढून भिंतीवरच्या घड्याळाला जोडायचं. बर्फ सुटला की तिवई जाणार, तार ओढली जाणार आणि घड्याळ बंद पडणार. त्या वेळेच्या सगळ्यांत जवळचा अंदाज ज्याचा, त्याला बक्षीस. यंदा बोटीचं नवंकोरं इंजिन होतं. चर्चच्या पाळकीणबाईंपासून सगळ्यांनी अंदाज लावले होते. नियम एकच, बर्फ आपणहून सुटला पाहिजे. माणसाचा हात लागला की स्पर्धा रद्द.

यंदा मे संपत आला तरी थंडी मुक्काम हलवायला तयार नव्हती. जंगलात कमरेइतका बर्फ तसाच होता. मग अचानक असं ऊन तापलं की कालपर्यंत लोकरीत गुंडाळलेली माणसं बनियनवर हिंडू लागली. डोंगरावरचं सगळं एकदम वितळून खाली निघालं. वरच्या गावांचा बर्फ सुटून येत होता, आणि हाउकिलाच्या पुलाशी, जिथे नदी अरुंद होते, तिथे जुना जाड बर्फ बूच मारल्यासारखा घट्ट बसला होता. मागे पाणी चढत होतं. शहरातल्या कचेरीने कळवलं, की पुलाशी बर्फ फोडून वाट मोकळी केलेली बरी. हुकूम नव्हता, नुसतं 'बरी' होतं. तेवढ्यावर गाव निवांत बसलं.

सायमीचं घर उंचावर होतं, पण खाली, अगदी पाण्याला लागून, तिची सौना होती, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. आजोबांनी ओंडके रचून बांधलेली, धुराने आतून काळीभोर. सायमी जन्मली ती त्या सौनात. तेव्हा तेवढीच ऊबदार, स्वच्छ जागा असायची, म्हणून बाया तिथेच बाळंत व्हायच्या. आई गेली तेव्हा सायमीने तिला शेवटची अंघोळही तिथेच घातली होती.

शुक्रवारी ती तणतणत दुकानात शिरली. तौनो दुकानदारही होता आणि स्पर्धेच्या समितीचा अध्यक्षही.

"तौनो, पाणी सौनाच्या पायरीला लागलंय. ओइवाला पोकलेन काढायला सांग."

"अगं, पाणी दरवर्षी लागतं."

"दरवर्षी लागतं ते बर्फ गेल्यावर! अजून तो जागचा हललेला नाही. हलेल तेव्हा काय होईल?"

तौनो बिस्किटांचे पुडे नीट लावत राहिला. "आज फोडला तर स्पर्धा रद्द होईल. लांबलांबच्या लोकांनी भाग घेतलाय. ते काय म्हणतील?"

"आणि माझी सौना गेली तर मी काय म्हणेन, ते ऐकायचंय?"

"एक-दोन दिवस धीर धर. आपणहून जाईल."

सायमी कॉफी पीत बसलेल्यांकडे वळली. हाउकिलाचा माणूस तोंड उघडतो ते दार उघडल्यासारखं, आतली ऊब जाईल या भीतीने. सगळे कपात बघत होते.

"ओइवा, पोकलेन तुझी ना? मग मूग गिळून काय बसलास?"

"समितीने सांगितलं तर..." ओइवा पुटपुटला.

"तुझा अंदाज कधीचा आहे रे?"

ओइवाचे कान लाल झाले. "रविवारचा."

"तूही लावलायस की अंदाज, सायमी," कोपऱ्यातून कोणीतरी बोललं.

"लावलाय! घाला चुलीत!" ती म्हणाली आणि दार आपटून निघाली.

शनिवारी सकाळी तिने सौनातल्या बादल्या, पाणी ओतायची लाकडी ओगराळी, अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्या वर नेल्या. भिंतीतच बसवलेला बाक काही निघेना. तो उपटायची पहार आणायला ती घराकडे गेली, तेवढ्यात नदीच्या वरच्या अंगाने कडकडाट झाला. खोलीएवढी बर्फाची लादी काठावर चढली, मागून दुसरी आली. ओंडक्यांचं घर बुडत नाही, तरंगतं. सौना छपरासकट उचलली गेली, एक गिरकी घेतली आणि काठालगतच्या मोकळ्या पाण्यातून चालू लागली.

गाव दुकानासमोर जमलं. सायमी काठाने धावत आली. सौना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढून गेली आणि जाताना तिचा कोपरा तारेत अडकला. तार ताणली, कडकन तुटली. घड्याळ बंद पडलं. नदीच्या मधोमध तिवई मात्र होती तशी ताठ उभी.

सायमीला वाटलं, आता निदान एखादा डोक्यावरची टोपी तरी काढेल.

तौनोने घसा साफ केला. "हे धरता येणार नाही. बर्फ कुठे सुटलाय? तिवई उभी आहे. तार परत जोडावी लागेल."

आणि दोन पुरुष खरोखरच शिडी आणायला निघाले!

"लाजा वाटतात का रे?" सायमीचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. "माझ्या आईला जिथे न्हाऊ घातलं ती जागा तुमच्यासमोरून वाहून गेली, आणि तुम्ही तार जोडताय? एका इंजिनासाठी? जोडा! चांगली घट्ट जोडा, पुढच्या खेपेला कोणाचं तरी घर अडकेल!"

शिडीवाले जागीच थांबले. ओइवाने हातातला कप जमिनीवर ठेवला, पोकलेनवर चढला आणि ती सुरू केली. त्याला कोणी अडवलं नाही. कॉफी निवण्याआधी पुलाशी वाट झाली, तिवई आडवी पडली, संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. एवढंसं काम, ते शुक्रवारी करता आलं नाही!

जूनमध्ये अख्खं गाव ओंडके आणि कुऱ्हाडी घेऊन सायमीच्या दारात हजर झालं. माफी कोणी मागितली नाही. तिथे माफी मागत नाहीत, कामाला येतात. आणि कामाला आलेल्यांना घरच्या बाईने कॉफी आणि ताजे वेलचीपाव द्यायचे, ही रीत. सायमीने कॉफी दिली. पावाचा वाससुद्धा नव्हता. जे समजायचं ते सगळे समजले.

तौनोने ते इंजिन आणलं होतं. "स्पर्धा रद्द झाली. समितीने ठरवलं, हे तुला द्यायचं."

"नव्या सौनालाच लाव," सायमी म्हणाली. "पुढच्या वर्षी पळून तरी जाईल."

तौनो कप हातात घेऊन उभाच राहिला. "अगदी जुन्यासारखीच बांधू गं. त्याच जागी, त्याच मापाची. धूर देऊन काळीही करू."

"करा. त्यात तुम्ही हुशारच आहात." ती नदीकडे वळली. "पण मी कुठे जन्मले असं कोणी विचारलं तर आजवर मी त्या दाराकडे बोट दाखवायचे, तौनो. आता कुठे दाखवू? पाण्याकडे?"

कुऱ्हाडी थांबल्या. तौनोने कप पायरीवर ठेवला. नुसती काळी कॉफी होती, सोबत काहीच नव्हतं.