सतरावा पॅच

“आमच्या कंपनीत लपवण्यासारखं काही नसतंच. ही कंपनी म्हणजे आरसा आहे, आरसा,” असं म्हणून साहेबांनी खिडकी स्वतःच्या हातांनी घट्ट लावून घेतली. बाहेर कुणी ऐकायला नको.

तपासनीसांनी मान डोलावली. कुठल्याशा दवाखान्यात कुणाच्या तरी सलाईनच्या यंत्राची, सलाईन अडलं किंवा संपलं की वाजणारी, घंटा उशिरा वाजली होती. तेव्हापासून ते अशी यंत्रं बनवणाऱ्या एकेका कंपनीचा परवाना तपासत फिरत होते.

“मग परवाना मिळाल्यापासून प्रोग्राममध्ये केलेले सगळे बदल द्या. क्रमाने. मूळ प्रोग्रामवर मी एकेक लावून बघणार,” ते म्हणाले आणि फोन वाजला म्हणून व्हरांड्यात गेले.

दार लागलं तसं साहेबांचं हसू थांबलं.

“ताई, हे किती दिवसांचं काम?”

“मिनिटभराचं.”

ताई कंपनीतल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. त्यांनी बावीस ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे कामं आपोआप उरकणारी आज्ञांची यादी, लिहून ठेवली होती. ती चालवली की जपून ठेवलेल्या नोंदींतून एकेक बदल बाहेर यायचा आणि त्याचा पॅच व्हायचा: कुठली ओळ काढली, कुठली घातली. माथ्यावर कुणी, कधी आणि का.

“‘का’सुद्धा?”

“‘का’सुद्धा.”

तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात साहेबांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना टेबलावरच्या यंत्राची बाटली संपली आणि ते बोंबलायला लागलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी ताईंना घंटा दोन मिनिटं उशिरा वाजवायला सांगितलं. ताई दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी मुकाट्याने ते काम केलं, आणि साहेबांनी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

“ते कितव्यात आहे?”

“सतराव्यात.”

“गाळा.”

“मग अठरावा बसणार नाही. तो सतराव्यावर रचलाय.”

“अठरावाही गाळा. सिनेमाची तिकिटं आहेत का, नंबर चुकला तर कुणी उभं राहील?”

ताईंनी पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान वळवली.

“अठरावा गाळू नका, साहेब.”

दार उघडलं. ताईंनी बटण दाबलं. स्क्रीनवरून आकडे सरसर उतरले.

तपासनीस खुर्ची ओढून बसले आणि एकेक पॅच लावत गेले. दहा. चौदा. सोळा. साहेबांनी रुमाल काढला आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसलं.

“सतरा,” तपासनीसांनी वाचलं. “‘घंटा दोन मिनिटं उशिरा. कारण: साहेबांचं भाषण.’”

तपासनीसांनी हात लांब केला आणि टेबलावर विक्रीचा नमुना म्हणून चालू असलेल्या यंत्राची नळी चिमटीत दाबली. परवाना, कारखाना, साठ माणसांची नोकरी, सगळं त्या चिमटीत आलं. साहेब एकशेवीसपर्यंत मोजायच्या तयारीला लागले.

दोन म्हणताच घंटा वाजली.

सर्वांत जास्त दचकले ते साहेब.

“अठरा,” तपासनीसांनी घंटेपेक्षा आवाज चढवून वाचलं. “‘सतरावा रद्द. घंटा पूर्वीसारखी लगेच वाजेल. प्रदर्शनात बाटली भरलेली ठेवावी. साहेबांना कळवलेलं नाही.’ तारीख दुसऱ्याच दिवसाची.” ते साहेबांकडे वळले. “तुम्हाला हे तीन वर्षं माहीत नव्हतं?”

साहेबांनी तोंड उघडलं. आरशाबद्दलचं काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग ताईंकडे न बघता म्हणाले,

“ताई, ती खिडकी जरा उघडता का?”