दादासोंची गाडी, बनुबाईंचं फडकं

मी एक शर्यतीची गाडी बोलतेय. रुबाब मोठा, पण लांबी माणसाच्या बोटाएवढी. माझ्या काळ्या प्लॅस्टिकच्या रस्त्याला दोन गाड्यांसाठी दोन खाचा असतात, एकीत माझी खुंटी बसते. पोटाखालच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांतून वीज येते आणि धनी हातातला खटका दाबेल तशी मी पळते. वळणावर जास्त दाबला की उडून पडते.

माझे धनी म्हणजे कराडजवळचे दादासो, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. मुलाने परदेशातून पाठवलेला माझा खोका उघडला आणि त्यांनी जेवणाचं टेबल काबीज केलं. त्यांच्या पत्नी बनुबाई दोन महिने जमिनीवर ताटं वाढत होत्या. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी सांगलीचं पाव्हणं येत्यात. त्यांच्यासंगं हरलासा, तर ह्यो पसारा माळ्यावर."

सांगलीचे पाहुणे म्हणजे व्याही नानासो. त्यांच्याकडेही अशीच गाडी होती. माळा मला परवडणारा नव्हता. तिथे उंदीर आहेत आणि माझी चाकं रबराची.

दादासोंनी आयुष्यात एकदा शर्यतीचा बैल पाळला होता. तेवढ्या अनुभवावर त्यांनी माझी तयारी सुरू केली. रोज सकाळी चाकांना खोबरेल तेलाचं मालीश, पट्ट्यांना तेल, पोटातही तेल. पेंड तेवढी चारायची राहिली. त्या तेलाला घरभरची धूळ आणि मांजराचे केस चिकटले.

रविवारी सकाळी सरावाला नानासोंची गाडी निघून गेली आणि मी जागच्या जागी चाकं फिरवत राहिले. "पाव्हणं," नानासो म्हणाले, "तुमच्या घरात पळतंय असं काय हाय का न्हाई?"

हे बनुबाईंनी ऐकलं आणि टेबल राहिलं बाजूला. जेवून पुरुषमंडळी लवंडली, तशी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. साबणाच्या ओल्या फडक्याने चाकं पुसून कोरडी केली. चाकांच्या आसात गुंतलेले केस सुईने काढले. पट्ट्या देवाच्या भांड्यांसारख्या चिंचेने घासून लखलखीत केल्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पोटातल्या दातेरी चाकांवर ठेवला. "मशिनीला एवढंच लागतंय," त्या मला म्हणाल्या. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

दुपारी मी दोन फेऱ्यांनी जिंकले. नानासोंच्या हातातला चहा निवून गेला. दादासो तर भानच विसरले. जिंकलेल्या बैलावर उधळतात तसा यात्रेतला उरलेला गुलाल त्यांनी मूठभर माझ्यावर उधळला. तो पोटात शिरला आणि मी करकर करत बंद पडले.

दादासो आठ दिवस नीट जेवले नाहीत. त्यांनी टेबलाकडे बघणंही सोडलं. पण शर्यत जिंकली होती, त्यामुळे पसारा माळ्यावर गेला नाही.

आता दादासो आठवडी बाजाराला गेले, की बनुबाई दार ओढून घेतात. गुलाल त्यांनी केव्हाच सुईने काढलाय. त्या खटका दाबतात, वळणावर अलगद सोडतात, आणि मी वाऱ्यासारखी पळते. दादासो यायच्या आधी पट्ट्यांखाली कागदाचा कपटा सरकवून मला पुन्हा आजारी करून उभं करतात. "सांगितलं तर माझी पाळी कवा यायची?" असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल, तर तिला तेल कमी आणि फडकं जास्त द्या. आणि दादासोंना एवढ्यात काही कळवू नका. पुढच्या रविवारी नानासो पुन्हा येताहेत. या खेपेला खटका कुणाच्या हातात असणार, हे त्या दोघांनाही अजून ठाऊक नाही.