बाहीखालचा गंडा

जिते गावच्या अंगणवाडीत सेविका मृणालीताई पोरांच्या आयांवर करवादत होती, "दोन वर्षांचं पोर हाकेला वळत नाय, बोटानं काय दाखवत नाय, तर गंडेदोरे कसले बांधताय? डॉक्टरकडे न्या!"

जनीआजीच्या नातवाच्या दंडावरचा गंडा तिने सगळ्यांदेखत सोडायला लावला. आजीने तो मुठीत धरला आणि कोपऱ्यात पाहिलं. तिथे ताईचा अडीच वर्षांचा निकेश खिचडीच्या टोपाचं झाकण गरगर फिरवत बसला होता.

"तुझ्या निकेशला हाक मार की गो," आजी हळूच म्हणाली.

ताईने मारली. एकदा, दोनदा, मग ओरडून. झाकण फिरतच राहिलं.

ताईने खाल मानेने जाऊन निकेशची बाही खाली ओढली. तरीही तिनेच त्याच्या दंडावर बांधलेला गंडा बाहीबाहेर लोंबतच राहिला.