टाकीवरचा मुलगा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारचा एक तास गेलेल्यांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि तो तास माझ्या ताब्यात असतो. माणूस गेला की तो एका रात्रीत मनमिळाऊ, हसतमुख आणि कर्तव्यदक्ष होतो, हे मला मुळीच खपत नाही. ज्याचा फोनसुद्धा कधी उचलला नाही, त्याच्याबद्दल 'न भरून येणारी पोकळी' वगैरे सुरू करणाऱ्याला मी सरळ खाली बसवते. माझा नियम एकच. हुद्दे, पदव्या, बंगले, परदेशातली मुलं, यातलं काही सांगायचं नाही. शाळेतली एक आठवण सांगायची, ती खरी असली पाहिजे, आणि गुमान बसायचं. यामुळे वर्गातली मंडळी मला या वयातही मिरची म्हणतात. म्हणोत बापडी. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलंय मी. गोड बोलून खोकला बरा होत नाही.

यंदा सभागृहाला रंग देत होते म्हणून आम्हाला जीवशास्त्राची प्रयोगशाळा मिळाली. गुडघ्यांनी संप पुकारलेली माणसं त्या उंच स्टुलांवर चढताना पाहून मला हसू आवरेना. कोपऱ्यातल्या सांगाड्यावर मी आधीच एक चादर टाकून ठेवली होती. अशा कार्यक्रमात त्यानं सगळ्यांकडे बघत उभं राहणं बरं दिसलं नसतं.

आमच्या वर्गातला यंदा एकच जण गेला होता. त्याला आम्ही टाकी म्हणायचो. अशक्त, अबोल, आठवीत नव्यानं आलेला मुलगा. त्याच्याबद्दल वर्गातल्या कोणालाही विचारा, एकच गोष्ट आठवणार. मैदानामागे पाण्याची उंच टाकी होती आणि तिला लोखंडी शिडी होती. तिथं चढायला अर्थातच बंदी होती, म्हणून मुलांच्या पैजा लागायच्या. हा नवा मुलगा आपली छाप पाडायला चढला आणि जवळपास माथ्याशी पोहोचल्यावर त्यानं खाली पाहिलं. झालं. पायरीला जो चिकटला तो हलेना. खाली आम्ही सगळे जमलो, मास्तर दोरी शोधायला पळाले, आणि तेवढ्यात आमच्या वर्गातला दांडगा भोंगा सरसर वर चढला. त्यानं मागून त्याला कवेत घेतलं आणि एकेक पायरी करत खाली आणलं. तेव्हापासून त्या मुलाचं नाव टाकी पडलं.

भोंग्याला भोंगा का म्हणतात, ते त्यानं तोंड उघडलं की कळतं. पुढे त्यानं टायरचं दुकान काढलं, ते आता मुलगा बघतो, आणि घरात भोंग्याला कोणी काही विचारत नाही. पण मेळाव्यात मात्र तो टाकीवरून मुलाला उतरवणारा वीर असतो. दर वर्षी जेवणानंतर त्याची ही गोष्ट ठरलेली. आमचे कान किटले, पण तो सांगायचा थांबत नाही. थरथरणारे पाय तो करून दाखवतो, 'आई, आई' असा बारीक आवाज काढतो, आणि शेवटी म्हणतो, "मी वर गेलो कोरडा आणि खाली आलो ओला! पोराची चड्डी भिजली होती ना!" यावर सगळे हसतात. आता तर सवयीनंच हसतात.

टाकी मात्र एकाही मेळाव्याला आला नाही. तो गेल्यावर मी त्याच्या घरी फोन केला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "मी येऊ का हो? त्यांच्या शाळेबद्दल कोणीतरी बोलताना मला ऐकायचंय." मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. तिच्यापुढे सांगायला आमच्याकडे होतं काय? एक ओली चड्डी.

कार्यक्रमाच्या दिवशी मी भोंग्याला प्रयोगशाळेच्या दारातच गाठलं.

"आज टाकीवर मीच बोलणार," तो म्हणाला. "माझ्याशिवाय आहे कोण?"

"बोल. पण चड्डीचं नाव काढलंस ना, तर त्या चादरीखाली तुला उभा करीन."

"अगं, पण तीच तर गंमत आहे."

"त्याची बायको आलीये, भोंग्या."

"बरं बाई, नाही काढत. पण उतरवलं ते तर सांगू ना? का तेही नको?" त्याचा चेहरा एवढासा झाला होता. मला त्याची दया आली. तेवढं एक तरी त्याच्याकडून काढून घ्यायचं कशाला?

वहिनी पुढच्याच स्टुलावर बसल्या होत्या. साध्या, नीटनेटक्या, मांडीवर पर्स घट्ट धरलेल्या. टाकीबद्दल बोलायची वेळ आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, आधी तुम्हाला काही बोलायचंय का?" एरवी मी घरच्यांना बोलायला सांगत नाही. पण मला वेळ काढायचा होता.

त्या उठल्या. "मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "हे हॉस्पिटलात तपासणीसाठी रक्त काढायचं काम करायचे. लहान मुलं सुई पाहून रडायला लागली की हे त्यांना शाळेतली एक गोष्ट सांगायचे. तुम्हा सगळ्यांना ती माहीतच असेल. तुम्ही त्यांना टाकी म्हणायचात ना? मला अभिमानानं सांगितलं होतं त्यांनी. टाकीवर अडकलेल्या मुलाला यांनी एकट्यानं खाली आणलं, म्हणून ते नाव पडलं."

कोणाचा तरी चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी भोंग्याकडे पाहायचं टाळलं.

मागून आमच्या वर्गातला एक वकील अर्धवट उठला. "अहो वहिनी, काहीतरी गैरसमज होतोय, तो तर…" मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो वाक्य गिळून खाली बसला. खरं तेवढंच बोला म्हणून वर्षानुवर्षं लोकांना दमात घेणारी मी, आणि आज खरं बोलू पाहणाऱ्याला गप्प करत होते! पण त्या बाईच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान उतरताना बघायची माझी तयारी नव्हती. नवऱ्यामागे तिच्याकडे एवढंच तर उरलं होतं, आणि तेही ती आमच्याकडून पक्कं करून घ्यायला आली होती.

वहिनींना यातलं काही कळलं नाही. त्या बोलतच होत्या. "पण हे स्वतःची बढाई नाही मारायचे. त्या अडकलेल्या मुलाबद्दलच जास्त बोलायचे. म्हणायचे, तो खूप घाबरला होता, पण त्यानं हात सोडले नाहीत. घाबरूनही हात न सोडणारा खरा शूर. हे ऐकलं की मुलं रडायची थांबायची आणि हात पुढे करायची." मग त्यांनी आमच्याकडे नजर फिरवली. "तेव्हा तिथं असलेलं कोणी आहे का इथं? मला एकदा तुमच्याकडून ऐकायचंय."

मी घाईघाईनं म्हटलं, "वहिनी, त्याला इतकी वर्षं झाली, आता कोणाला नीट…"

"मी होतो," भोंगा म्हणाला.

तो उठून उभा होता. माझं धाबं दणाणलं. मी त्याला खूण केली, डोळे वटारले, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. आज याला कोणी अडवू शकत नाही, असं मला वाटलं. सगळ्यांसमोर, भरल्या खोलीत, त्याची हक्काची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर चालली होती. मी त्याच्या जागी असते तर मीही उठले असते.

"वहिनी, तुम्ही म्हणता ते खरंय," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. "तो वर चढला. आणि अडकलो होतो मी."

वकिलाचं तोंड उघडंच राहिलं. माझंही राहिलं असणार.

"म्हणजे झालं काय," भोंगा म्हणाला आणि थांबला. इतकी वर्षं घडाघडा सांगितलेल्या गोष्टीत त्याला आता शब्द सापडेनात. "मी खाली पाहिलं. सगळे एवढे एवढे दिसत होते आणि सगळे वर बघत होते. पाय लटपटायला लागले. हसत होते काही जण, तेही ऐकू येत होतं. मला वाटलं, आता पडलो तरी चालेल, पण यांच्यात परत जायला नको." त्यानं कपाळ पुसलं. "मग मागून कोणीतरी मला धरलं. म्हणाला, मी आहे, तू फक्त पाय खाली टाक. माझी चड्डी ओली झाली होती, वहिनी. सगळ्यांनी पाहिली. शाळा सुटेपर्यंत मला त्यावरून चिडवत होते."

कोणी हसलं नाही. भोंगा आपली वाढलेली ढेरी सावरत स्टुलाला धरून उभा होता, आणि खरं सांगते, मला तिथं तो बारका, अबोल मुलगा दिसला. इतक्या वर्षांत त्या मुलाच्या बाजूनं ती शिडी कोणी पाहिलीच नव्हती. भोंग्यानंही नाही. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच बेसिनचा नळ घट्ट करत बसले.

वहिनी टेबलांमधून वाट काढत त्याच्याजवळ गेल्या. "म्हणजे तो मुलगा तुम्ही!" त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "अहो, त्यांना तुमची केवढी काळजी असायची! दर वर्षी मेळाव्याचं पत्र आलं की मी म्हणायचे, जा ना, तुम्हाला तर तिथं डोक्यावर घेतील. तर म्हणायचे, नको. मी गेलो की ती गोष्ट निघणार. लोक हसणार. त्या मुलाला अजून तितकंच लागत असेल."

भोंग्यानं मान खाली घातली. त्या हसणाऱ्यांत मी काय वेगळी होते?

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "राग नाही ना येणार? त्या मुलानं टाकीवर त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं म्हणे. काय ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तुम्हाला आठवतं?"

भोंग्याची गोष्ट मला तोंडपाठ आहे. थरथरणारे पाय आहेत, 'आई, आई' आहे, पण कानात सांगितलेलं काही त्यात नाही. मला वाटलं, आता हा अडकणार. मी सावरून घ्यायला पुढेही झाले. पण भोंग्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि माझ्या लक्षात आलं, त्याला आठवतंय. त्याला पहिल्यापासून आठवत होतं.

"आठवतं," तो म्हणाला. "मी म्हणालो… खाली गेल्यावर कोणाला सांगू नकोस."

वहिनींनी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"नाही हो सांगितलं," त्या म्हणाल्या. "गोष्ट सांगायचे, पण तुमचं नाव शेवटपर्यंत नाही सांगितलं. मी किती खोदून विचारलं, तो मुलगा कोण, आता कुठं असतो. म्हणायचे, शब्द दिलाय. कसला शब्द, ते मला आत्ता कळलं."

"हो," भोंगा म्हणाला. "दिला होता."

आणि तो सगळ्यांसमोर रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.