मेर्सी बोकू, मादाम

हिलाल जर्मनीच्या लढाईतून दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती आणि तीन शब्दांची फ्रेंच भाषा. पेटी आईने त्याच दिवशी उचकून पाहिली. भाषा मात्र महिनाभर तोंडातच राहिली.

फ्रान्समध्ये तो पलटणीची खेचरं हाकायचा. तिथे एक म्हातारी रोज सकाळी त्याला वाडगाभर ऊन दूध द्यायची, आणि हा टोपी काढून, मान लववून म्हणायचा, "मेर्सी बोकू, मादाम." फार फार आभार, बाईसाहेब. म्हातारी खुलायची.

इकडे त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, चार वर्षं एकटीने शेतीचा गाडा ओढला. मानमोडीच्या साथीत घरोघरी माणसं मरत असताना सासूला उचलून बसवलं, पेज पाजली, मरणाच्या दारातून माघारी आणलं. त्याबद्दल तिला कुणी काय म्हटलं? काही नाही. आपल्या माणसाचे उपकार बोलून दाखवायचे नसतात, आणि चारचौघांत बायकोशी बोलायचं तर नसतंच. रीत म्हणजे रीत! परक्या बाईच्या वाडगाभर दुधाला मान लवते आणि घरच्या लक्ष्मीपुढे जीभ टाळ्याला चिकटते, याची हिलालला लाज वाटू लागली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, सुंदरबाईचा भाऊ छगन तिला न्यायला आला. चार आखाज्या ती माहेरी गेली नव्हती. गाठोडं उचलत ती सासूला एवढंच म्हणाली, "आवंदा पेरनीले मी नही."

आवाजात राग नव्हता, आणि तेच हिलालला लागलं. बाई परतायचं नाही असं मनातूनच ठरवून निघाली होती.

छगनने बैल जुंपले. अंगणात शेजारपाजार जमलेला. हिलाल पुढे झाला, पागोटं उतरवलं, मान लववली आणि मोठ्याने म्हणाला, "मेर्सी बोकू, मादाम."

आई किंचाळलीच. आपल्याकडे माणूस उघड्या डोक्याने अंगणात उभा राहतो तो सुतकात. "कोन मरनं रे?"

शेजारणींनी तर डोळ्यांना पदर लावलाच.

"कोनी नही, माय," हिलाल कसाबसा म्हणाला. "तठे बाईना उपकार मानतांना असं डोकं उघडं करतस. इनी तुले वाचाडं. माले दुसरं काही बोलता येत नही."

आता म्हातारी पोराला सोलून काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती सुनेकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"मंग मी काय काढू?" ती म्हणाली. "माले पागोटं नही."

आणि तापात बरळतानाही जी तिने मुठीत घट्ट धरून ठेवली होती, ती धान्याच्या कोठीची किल्ली कमरेची काढून तिने सुंदरबाईच्या पदराला बांधली. "मेरसी," म्हणाली. पुढचं तिच्या जिभेला वळलं नाही.

गाडी वेशीपर्यंत गेली आणि थांबली. सुंदरबाई उतरून तरातरा परत आली. कोठी उघडली, पाटीभर बाजरी काढली, कुलूप लावलं, किल्ली पुन्हा पदराला बांधली. जाताना हिलालकडे न बघताच म्हणाली,

"आठ दिनले पुरी इतलीच काढी. मंग पेरनीले मी शेच."